सन १९६७ च्या ध्वनिमुद्रिका : कालनिर्णय आणि श्रेष्ठत्वाचा वाद

(१)

जुनी पोथी हातीं आली म्हणजे ती कोणीं रचिली, कोणीं लिहून काढिली आणि केव्हां लिहिली, हे प्रश्न संशोधक प्रथम विचारतो. ग्रंथ उत्तम कीं सामान्य, याचा विचार तो मागाहून करतो. हा क्रम आमच्या वाचकांच्या अंगवळणीं पडलेला आहे. परंतु पोथीच्या जागीं ग्रामोफोनची तबकडी आली कीं तेच साक्षेपी गृहस्थ हा क्रम उलटा करतात. अमुक वर्षाच्या तबकड्यांत श्रेष्ठ कोणती, यावर मोठ्या हिरिरीनें वाद होतात. मात्र वादांत घेतलेली तबकडी त्या वर्षाची आहे काय, हें पाहण्याची तसदी फारसें कोणी घेत नाहीं.

महागांव, पुसद व उमरखेड हा यवतमाळ जिल्ह्याचा दक्षिणेकडील टापू. या बाजूच्या कांहीं संग्राहकांच्या कपाटांत बाडांच्या शेजारीं रेकॉर्डींचे गठ्ठेहि आतां दिसूं लागले आहेत. महागांवीं असा एक संग्रह आमच्या पाहण्यांत आला. तेथें जमलेल्या मंडळींत इ. स. १९६७ या वर्षाची श्रेष्ठ मुद्रिका कोणती, याविषयीं तीन पक्ष पडलेले होते. एक पक्ष 'कट्यार काळजांत घुसली' या नाटकाच्या पदांचा, दुसरा 'कॉल ऑफ द व्हॅली' या वाद्यवादनाच्या लाँगप्ले रेकॉर्डीचा, आणि तिसरा रविशंकर व येहुदी मेन्युहिन यांच्या 'वेस्ट मीट्स ईस्ट' या मुद्रिकेचा. तिन्ही पक्षांकडून गुणवर्णन पुष्कळ झालें, पण पुरावा कोणींच पुढें मांडला नाहीं. तो मांडून या वादाचा निर्णय लावावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२)

प्रथम, हेंच वर्ष वादास कां योग्य, तें सांगितलें पाहिजे. इ. स. १९६७ त संगीताच्या क्षेत्रांत इतक्या गोष्टी एकत्र आल्या कीं, त्या वर्षास एक प्रकारें संधिकाल म्हणतां येईल. विलायतेंत बीटल्स नांवाच्या चौघा गवयांच्या मेळाची 'सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड' ही मुद्रिका मे महिन्याच्या अखेरीस विक्रीस आली. सुटीं गाणीं एकत्र बांधण्याऐवजीं सबंध तबकडी ही एकच रचना मानावी, या कल्पनेचा तिच्यामुळें जगभर बोलबाला झाला. तिच्यांतील जॉर्ज हॅरिसन यांचें एक गीत तर दिलरुबा, तंबोरा व तबला या आपल्या वाद्यांवरच उभारलेलें आहे. त्याच वर्षीं १८ जून रोजीं अमेरिकेंत मॉंटेरे येथील महोत्सवांत रविशंकर यांचें सतारवादन अल्लारखां यांच्या तबल्याच्या साथीनें झालें व तिकडील तरुण वर्गावर त्याचा विलक्षण परिणाम झाला.

इकडे हिंदी चित्रपटांत 'मिलन', 'उपकार', 'ज्वेल थीफ', 'ॲन ईव्हनिंग इन पॅरिस' हे चित्रपट त्याच वर्षाचे. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत संगीतदिग्दर्शन व पार्श्वगायन यांचा समावेश प्रथम याच वर्षाच्या चित्रपटांपासून झाला. त्यांत पार्श्वगायनाचा मान 'उपकार' चित्रपटाकरितां महेंद्र कपूर यांस व संगीताचा मान तमिळ चित्रपट 'कंदन करुणै' करितां के. व्ही. महादेवन यांस मिळाला. मराठी रंगभूमीकडे पाहावें, तर 'मत्स्यगंधा' (१९६४) आणि 'ययाति आणि देवयानी' (१९६६) या नाटकांनीं जितेंद्र अभिषेकी यांनीं जी नवी चाल पाडली, तिचा कळस १९६७ च्या शेवटल्या आठवड्यांत झाला.

वर्षाची उत्तम गीतें निवडण्याची हौसहि आजची नव्हे. रेडिओ सिलोनवरील 'बिनाका गीतमाला' १९५२ पासून सुरू झाली. तिची वार्षिक निवड ऐकावयास गांवोगांवीं माणसें रेडिओभोवतीं कोंडाळें करून बसत व निकाल मनाविरुद्ध लागला म्हणजे आठवडाभर कुरकुरत. १९६७ त तिच्यांतील पहिला क्रम 'मिलन' चित्रपटांतील एका गीतास मिळाला होता. परंतु ती निवड सुट्या गीतांची. तीवरून सबंध मुद्रिकेचा निर्णय होत नाहीं.

(३)

आतां कालनिर्णयाच्या साधनांकडे वळूं. पोथीच्या बाबतींत आपण रचनाकाल व लेखनकाल हे दोन निरनिराळे मानतों. ज्ञानेश्वरीची प्रत शके सतराशें मधील सांपडली, म्हणून ज्ञानेश्वरी त्या शतकांतील ठरत नाहीं. मुद्रिकेच्या बाबतींत हा भेद तिपेडी आहे : संगीत प्रथम केव्हां वाजविलें वा गाइलें गेलें, तें यंत्रांत केव्हां मुद्रित झालें, आणि तबकडी विक्रीस केव्हां आली. या तीन कालांची गल्लत केल्यानेंच निम्मे वाद उद्भवतात. 'गीतरामायणा'चें उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. तें पुणें आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून प्रसृत होऊं लागलें व त्याचीं ५६ गीतें पुढील वर्षीं पुरीं झालीं. आकाशवाणीवर तीं निरनिराळ्या गायकांनीं गाइलेलीं होतीं. सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजांतील रेकॉर्डी हा मागाहूनचा उद्योग. तेव्हां रेकॉर्ड पाहून रचनेचा काल सांगणारा जितका चुकेल, तितकाच रचनेच्या कालावरून रेकॉर्डीचा काल सांगणाराहि चुकेल.

मुद्रिकेचा काल ठरविण्यास पुढील साधनें उपयोगीं पडतात.

(अ) मधल्या चकतीवरील छपाई. पोथीच्या पुष्पिकेची जागा मुद्रिकेंत या कागदी चकतीनें घेतलेली आहे. कांहीं मुद्रिकांवर प्रथम प्रसिद्धीचें वर्ष छापलेलें असतें, कांहींवर नसतें. हिंदुस्थानांत हें वर्ष छापण्याची कायदेशीर सक्ती स्वामित्वाच्या कायद्यांत १९८४ सालीं घातलेल्या ५२-अ या कलमानें झाली. तत्पूर्वींच्या मुद्रिकेवर वर्ष नसल्यास तींत नवल नाहीं, आणि वर्ष नाहीं म्हणून ती बनावट असेंहि होत नाहीं.

(आ) शेवटच्या खोबणीपलीकडील गुळगुळीत भागांत कोरलेला सांचाचा क्रमांक. तिरप्या उजेडांत धरल्यास तो वाचतां येतो. चकती व वेष्टण बदलतात, परंतु सांचा तोच राहिला असेल तर हा क्रमांकहि तोच राहतो. मूळ प्रत व नक्कल यांचा विवेक करण्यास याहून विश्वासू साधन नाहीं.

(इ) वेष्टण. याची साक्ष सावधगिरीनें घ्यावी. एका तबकडीचें वेष्टण दुसरीस घातलेलें अनेकदां आढळतें, जसें एका पोथीचें बासन दुसऱ्या पोथीस.

(ई) विकणाऱ्या दुकानाचा शिक्का व घेणाऱ्याच्या हातची नोंद. यावरून तबकडी अमुक दिवसानंतरची नव्हे एवढेंच सिद्ध होतें. ती किती पूर्वींची, हें सिद्ध होत नाहीं. महागांवच्या संग्रहांतील एका वेष्टणावर मालकाच्या हातची 'दिवाळी १९६९' अशी नोंद आहे. तिच्या बळावर ती तबकडी १९६९ ची म्हणणें आणि तीच नोंद बाजूस सारून ती १९६७ ची म्हणणें, हे दोन्ही पक्ष सारखेच निराधार होत.

(उ) कंपनीच्या मासिक व वार्षिक याद्या, वृत्तपत्रांतील जाहिराती व परीक्षणें. हा समकालीन बाह्य पुरावा होय, व तो मिळेल तेथें सर्वांत प्रबळ मानावा.

(ऊ) माणसांच्या आठवणी. आपल्याकडे सन कोणी सांगत नाहीं. पूर, दुष्काळ, भूकंप यांवरून काल सांगतात. ही रीत टाकाऊ नव्हे. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. त्या मागच्या कीं पुढच्या, एवढें जरी एखाद्या वृद्धानें खात्रीनें सांगितलें, तरी वर्षाअखेरच्या घटनांचा क्रम लावण्यास तें उपयोगीं पडतें.

या साधनांचा उपयोग करितांना आम्हीं एकच नियम धरिला आहे : मुद्रिकेचें वर्ष म्हणजे ती प्रथम प्रसिद्ध झाली तें वर्ष. संगीत केव्हां जन्मलें हा प्रश्न निराळा, व त्याचें उत्तर निराळ्या रकान्यांत लिहावें.

(४)

आतां तिन्ही दावे या नियमावर घासून पाहूं.

'कट्यार काळजांत घुसली' या नाटकाचा पहिला प्रयोग नाट्यसंपदा या संस्थेनें रविवार, २४ डिसेंबर १९६७ रोजीं, म्हणजे वर उल्लेखिलेल्या भूकंपानंतर तेराव्या दिवशीं केला. नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर हे नागपूरचे, रंजन कला मंदिराचे प्रवर्तक. संगीत अभिषेकी यांचें. खांसाहेब आफताब हुसेन यांची भूमिका वसंतराव देशपांडे यांची. पंडित भानुशंकर भार्गवराम आचरेकर, सदाशिव प्रसाद सावकार व झरीना फैय्याज यांनीं उभी केली. वसंतरावांचा जन्म २ मे १९२० चा, मूर्तिजापूरचा, व आरंभीचें शिक्षण नागपुरास शंकरराव सप्रे यांजपाशीं झालेलें. नाटककार नागपूरचा व मुख्य गायक वऱ्हाडांत जन्मलेला, तेव्हां या पक्षाविषयीं महागांवच्या मंडळींस आपुलकी वाटावी हें स्वाभाविकच आहे.

परंतु आपुलकी हा पुरावा नव्हे. ज्या नाटकाचा पहिला प्रयोग वर्ष संपावयास अवघे सात दिवस राहिले असतां झाला, त्याच्या पदांची रेकॉर्ड त्याच वर्षीं विक्रीस आली, असें म्हणणाऱ्यानें तसा स्वतंत्र पुरावा दिला पाहिजे. पदें लोकांच्या तोंडीं बसलीं तीं प्रयोगामागून प्रयोग होऊन. आणि रेकॉर्ड निघते ती बहुधा पद गाजल्यावर. म्हणून 'कट्यार'चें संगीत १९६७ चें, पण तिची मुद्रिका १९६७ ची नव्हे, असेंच आजच्या पुराव्यावरून धरणें युक्त आहे. चकतीवरील छपाई वा कंपनीची यादी कोणी पुढें आणील तर हा निर्णय बदलण्यास आम्ही तयार आहों.

'वेस्ट मीट्स ईस्ट'ची गोष्ट याच्या उलट. तिचें मुद्रण १९६६ त झालें व प्रसिद्धि १९६७ त. आमच्या नियमाप्रमाणें ती १९६७ चीच. अमेरिकेंतील ग्रॅमी या पुरस्कारांत १९६७ च्या वर्षाकरितां चेंबर संगीताच्या विभागांत तिला पहिला मान मिळाला. तो समारंभ १९६८ च्या फेब्रुवारींत झाला. हिंदुस्थानी संगीतकारास त्या पुरस्कारांत मिळालेला हा मान त्या काळीं अपूर्व होता. तिच्या एका बाजूस 'प्रभाती', 'पूरिया कल्याण' व 'स्वरकाकली' अशा रचना आहेत. 'प्रभाती' गुणकलीवर व 'स्वरकाकली' तिलंगावर आधारलेली. दुसऱ्या बाजूस मात्र रुमानियाचे संगीतकार एनेस्कू यांचा व्हायोलिन सोनाटा येहुदी व त्यांच्या भगिनी हेफझिबा यांनीं वाजविलेला आहे. म्हणजे तबकडी एक असली तरी तिच्यांत दोन वेगळीं बाडें एकत्र शिवलेलीं आहेत.

'कॉल ऑफ द व्हॅली' हिच्या प्रथम प्रसिद्धीचें वर्ष प्रचलित संदर्भांत १९६७ असें दिलेलें आहे, व तें आम्ही ग्राह्य धरतों. एखाद्या प्रतीवर पुढचें वर्ष दिसल्यास ती पुढची आवृत्ति समजावी. संतूरवर शिवकुमार शर्मा, बांसरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. पहिले तिघे वादक त्या वेळीं तिशीच्या आसपासचे. ग्रामोफोन कंपनींत या मुद्रिकेची जुळणी जी. एन. जोशी यांनीं केली. मेहकरचे कवि ना. घ. देशपांडे यांची कविता रेकॉर्डवर गाऊन १९३० च्या दशकाच्या आरंभीं मराठी भावगीताचा पाया ज्यांनीं घातला, तेच हे जोशी. यावरून या काश्मीरच्या चित्रामागेंहि विदर्भाशीं जुळलेला एक धागा आहे, हें महागांवच्या दुसऱ्या पक्षास सांगावयास हरकत नव्हती. पण तें कोणास सुचलें नाहीं.

मुद्रिकेचा विषय काश्मीरच्या खोऱ्यांतील एका मेंढपाळाचा एक दिवस. पहाटेस अहीरभैरव व नटभैरव, पुढें पिलू, सायंकाळीं भूप, रात्रीं देस व अखेर पहाडी, असा क्रम लावलेला आहे. रागांच्या वेळांची जुनी व्यवस्था येथें कथानकाच्या कामीं लाविली आहे. एकहि शब्द न उच्चारितां दिवस उजाडतो व मावळतो.

(५)

यावर जे आक्षेप घेण्यांत येतात, त्यांचा परामर्श घेणें अवश्य आहे.

पूर्वपक्ष असा : ख्यालगायकाला एक राग मांडावयास तास लागतो, येथें सहा राग चाळीस मिनिटांच्या आंत उरकलेले आहेत. शिवाय गिटार हें परकें वाद्य आणि संतूर हें काश्मीरांतील सूफी मंडळींच्या गाण्याच्या साथीचें. यांस रागदारीच्या पंक्तीस बसवावें काय? यास शास्त्रीय संगीत म्हणण्यापेक्षां रम्य संगीत म्हणावें.

उत्तर असें : वेळेचा आक्षेप मान्य केल्यास हिंदुस्थानांतील ध्वनिमुद्रणाचा पहिला सबंध कालखंडच रद्द करावा लागेल. इ. स. १९०२ त कलकत्त्यास ध्वनिमुद्रण सुरू झालें तेव्हांपासून पुढें सुमारें अर्धशतक आपल्या थोर गवयांनीं तबकडीच्या एका बाजूस मिळणाऱ्या तीन-साडेतीन मिनिटांत राग मांडले. अब्दुल करीम खां यांची कीर्ति दूरवर पसरली ती अशाच लहान तबकड्यांनीं. लाँगप्ले रेकॉर्डीनें एका बाजूस वीस-बावीस मिनिटें उपलब्ध करून दिलीं. या नव्या सवडीचा उपयोग बहुतेकांनीं मैफलीची नक्कल लांबविण्याकडे केला. 'कॉल ऑफ द व्हॅली'च्या कर्त्यांनीं मात्र तबकडीच्या दोन बाजू, त्यांच्यामधील विराम आणि एकंदर लांबी ध्यानीं घेऊन रचना केली. मैफलींत ही रचना आधीं नव्हती. ती तबकडीकरितांच जन्मली. आमच्या दृष्टीनें हा तिचा मुख्य गुण होय. परक्या वाद्याविषयीं बोलावयाचें तर हार्मोनियम व व्हायोलिन हींहि परदेशांतूनच आलीं, व आज त्यांस कोणी दाराबाहेर उभें करीत नाहीं.

दुसरा पूर्वपक्ष 'कट्यार'कडून येतो, व तो अधिक जड आहे. खोलीच्या दृष्टीनें पाहतां वसंतराव देशपांडे यांच्या गळ्यांतील तान व बांसरीवरील पहाडी यांची तुलना कशी व्हावी ? एकींत जन्माची तपश्चर्या, तर दुसरींत रमणीयता. यास आमचें उत्तर एवढेंच कीं, ही तुलना गायनाची आहे, मुद्रिकेची नव्हे. नाटकाचें संगीत रंगभूमीवरील प्रसंगांत पूर्ण होतें. दोन घराण्यांतील स्पर्धा, एकाचा विजय, दुसऱ्याचें मौन, आणि सदाशिवानें चोरून मिळविलेली विद्या, हें सर्व डोळ्यांसमोर असतां पद जें सांगतें, त्याचा अर्धाच भाग तबकडींत उतरतो. श्रेष्ठ घराणें कोणतें या वादाचा शेवट काय होतो, हेंच त्या नाटकाचें कथासूत्र आहे; तेव्हां त्याच नाटकास श्रेष्ठत्वाच्या वादांत ओढतांना आमच्या मित्रांनीं थोडा विचार करावयास हवा होता.

'वेस्ट मीट्स ईस्ट'विषयीं आमचें मत थोडक्यांत असें : ऐतिहासिक महत्त्व मोठें, वादन उत्तम, परंतु मुद्रिका म्हणून एकजिनसीपणा कमी. तिनें दोन खंडांस एका वेष्टणांत आणलें. एका रचनेंत आणण्याचें काम अर्ध्यावर राहिलें.

तात्पर्य, १९६७ त प्रथम प्रसिद्ध झालेली आणि मुद्रिका म्हणून रचिलेली, या दोन कसोट्यांस एकत्र उतरणाऱ्यांत आम्ही 'कॉल ऑफ द व्हॅली' हिला पहिला मान देतों. त्या वर्षीं महाराष्ट्रांत जन्मलेल्या संगीतांत पहिला मान 'कट्यार'चा, यांतहि आम्हांस संशय नाहीं. हे दोन निर्णय परस्परविरोधी नाहींत. प्रश्न दोन आहेत, म्हणून उत्तरेंहि दोन.

(६)

येथेंच लेख संपविला असतां एक मोठा दोष राहिला असता. महागांवासारख्या ठिकाणीं १९६७ त या तबकड्या कितीजणांनीं ऐकिल्या असतील ? लाँगप्ले रेकॉर्डीस विजेवर वा बॅटरीवर चालणारें यंत्र लागतें, व वीज सर्व गांवांत पोहोंचलेली नव्हती. चावीच्या फोनोवर वाजते ती अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची जुनी रेकॉर्ड. पुष्कळांचें संगीत रेडिओवरून येई. नागपूरचें आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजीं व 'विविध भारती' ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं सुरू झालेली होती. याखेरीज जत्रेंतील तमाशा, फिरता सिनेमा, भजनी मंडळ व कीर्तन, हीं होतींच.

याहूनहि महत्त्वाची गोष्ट अशी कीं, या टापूचें स्वतःचें संगीत वादांतील कोणत्याहि मुद्रिकेंत नाहीं. पुसद-महागांवच्या तांड्यांतून होळीच्या दिवसांत बंजारा समाज लेंगी गातो; कोलाम व गोंड वस्त्यांत दंडार होते. महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री वसंतराव नाईक हे याच भागांतील गहुलीचे, बंजारा समाजांतील. त्या समाजाचा पुत्र राज्याच्या सर्वोच्च पदीं बसला असतांहि त्या समाजाचें गाणें संग्राहकांच्या याद्यांतून शोधूनहि सांपडत नाहीं. ताम्रपट नाहीं म्हणून गांव नव्हतें असें आपण म्हणत नाहीं. तद्वत् रेकॉर्ड नाहीं म्हणून गाणें नव्हतें असें म्हणतां येणार नाहीं. '१९६७ चें श्रेष्ठ संगीत' असें शीर्षक घालून केवळ तबकड्यांची यादी देणारानें आपली यादी किती आंखूड आहे, हें निदान एका ओळींत कबूल करावें.

(७)

वाचक विचारतील कीं, एका वर्षानें इकडे तिकडे झाल्यास एवढें बिघडतें काय ? पुष्कळ बिघडतें. त्याचीं तीन कारणें आहेत.

पहिलें कायद्याचें. हिंदुस्थानच्या १९५७ च्या स्वामित्वाच्या कायद्यान्वयें ध्वनिमुद्रणाचा अधिकार प्रथम प्रसिद्धीच्या वर्षापुढील वर्षारंभापासून साठ वर्षें टिकतो. ही मुदत पूर्वीं पन्नास वर्षांची होती, ती १९९२ च्या सुधारणेनें वाढली. म्हणजे १९६७ त प्रसिद्ध झालेल्या मुद्रिकेवरील हा अधिकार ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत चालतो. १९६८ त प्रसिद्ध झालेलीचा ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत. पद्यरचनेचा व स्वररचनेचा अधिकार याहून निराळा. तो कर्त्याच्या मृत्यूच्या वर्षापुढें साठ वर्षें राहतो. अभिषेकी १९९८ त व दारव्हेकर १९९९ त वारले, हें लक्षांत घेतां 'कट्यार'च्या पदांविषयीं कोणीं घाई करूं नये. परंतु जुनी तबकडी झिजण्यापूर्वीं तिची प्रत काढून ग्रंथालयांत ठेवूं पाहणारानें यांतील प्रत्येक तारीख जाणली पाहिजे, आणि ती तारीख आपल्या वादांतील त्याच दुर्लक्षित प्रश्नावर अवलंबून आहे.

दुसरें कारण नांवांचें. 'सार्जंट पेपर'च्या वेष्टणावर प्रसिद्ध स्त्रीपुरुषांच्या चेहऱ्यांची गर्दी आहे. परंतु त्यांतील हिंदुस्थानी वाद्यें वाजविणाऱ्यांचीं नांवें तेथें छापलीं गेलीं नाहींत. तीं अनेक वर्षांनीं संशोधनानें उजेडांत आलीं : दिलरुब्यावर अण्णा जोशी व अमृत गज्जर, तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा, तबल्यावर नटवर सोनी. यांतील पहिलें नांव वाचून आमच्या वाचकांचे कान टवकारतील. पण केवळ नांवावरून मनुष्याचा प्रांत ठरवूं नये, हा आपलाच नियम येथेंहि पाळावा. दूर कशास जावें ? 'कॉल ऑफ द व्हॅली'विषयीं बोलतांना तिघांचीं नांवें सारे सांगतात व माणिकराव पोपटकर यांचें बहुधा गाळतात. महागांवच्या वादांतहि तें गळालेंच होतें.

तिसरें कारण नाशाचें. छापील पुस्तकांची प्रत राष्ट्रीय व अन्य ठराविक ग्रंथालयांस देण्याचें बंधन १९५४ च्या कायद्यानें प्रकाशकांवर घातलें. ध्वनिमुद्रिकांस तो कायदा लागू नाहीं. पुस्तक घरोघर नाहींसें झालें तरी एखाद्या सरकारी मांडणीवर तें मिळण्याची आशा असते. तबकडीची तशी आशा नाहीं. संगीत नाटक अकादमी, १९८२ त स्थापन झालेलें लोकसंगीत व संगीतशास्त्र यांचें ध्वनिसंग्रहालय आणि अशाच कांहीं संस्था यांनीं मोठें कार्य केलें आहे. परंतु खेड्यांतील एकेका कपाटापर्यंत त्यांचे हात पोहोंचणें शक्य नाहीं. आजोबा निवर्तले, घर पाडावयास काढलें, कीं बाडें निदान 'देवाचीं' म्हणून राखलीं जातात. रेकॉर्डी भंगारवाल्याच्या काट्यावर चढतात. लाखेच्या तबकड्या तर एका धक्क्यानें फुटतात.

यास्तव संग्राहकांस आमची विनंती अशी कीं, त्यांनीं आपल्या प्रत्येक मुद्रिकेचें एक टांचण करावें. त्यांत चकतीवरील सर्व मजकूर अक्षरशः उतरावा. दोन्ही बाजूंचे कोरलेले क्रमांक, फेऱ्यांची गति, वेष्टणावरील मजकूर, साथीदारांचीं नांवें, शिक्का व हातची नोंद हीं निरनिराळ्या रकान्यांत लिहावीं. तर्कानें ठरविलेलें वर्ष कंसांत द्यावें व तर्काचें कारण खालीं नमूद करावें. तबकड्या उभ्या ठेवाव्या, आडव्या रचूं नयेत. उन्हापासून व ओलीपासून जपाव्या. आणि ज्यांच्या शेजारीं लेंगी वा दंडार गाणारीं वृद्ध माणसें अद्याप आहेत, त्यांनीं त्यांच्या संमतीनें तें गाणें, गाणाराच्या नांवासह व तारखेसह, आज सर्वांस सुलभ असलेल्या यंत्रांत उतरून घ्यावें.

अशीं टांचणें पुसद, उमरखेड व महागांव येथून जमलीं म्हणजे 'कट्यार'च्या पहिल्या रेकॉर्डीचें वर्ष निश्चित होण्यास विलंब लागणार नाहीं. तें १९६७ ठरलें, तर वरील कालनिर्णय आम्ही तत्काळ फिरवूं. श्रेष्ठत्वाचा निर्णय मात्र दुसऱ्या कसोटीवर उभा असल्यामुळें तो फिरविण्यास प्रतिपक्षानें निराळी प्रमाणें आणावीं लागतील.